घाटाची गाडी : कमान, शॉक आणि आडवी सळई

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागले की आंबवडे गाव लागते. नागेश्वराचे देऊळ, शंकराजी नारायण सचिवांची समाधी आणि संस्थानी काळातला झुलता पूल पाहायला लोक तिथे उतरतात. पोराटोरांना ओढ पुलाची. एखादा पोरगा पुलाच्या मध्यावर जाऊन उडी मारतो. पूल खाली दबतो, वर येतो, पुन्हा दबतो. पोरगा केव्हाच थांबलेला असतो, पण पुलाचे चाललेलेच असते. आणि दुसऱ्या कोणी त्याच तालावर पाय टाकला, तर तो झोका कमी होण्याऐवजी वाढतो. मग म्हातारी माणसे दोराला धरून ओरडतात.

पूल भार पेलतो, पण एकदा मिळालेली गती लवकर जिरवत नाही. ही दोन कामे निराळी आहेत. आज मोटारीच्या कमानींविषयी, शॉकविषयी आणि आडव्या सळईविषयी जे सांगायचे आहे, त्यातले निम्मे या पुलावरच कळते.

हा विषय निघायला कारण झाला माझा पुतण्या. त्याने पुण्याहून जुनी छोटी मोटार घेतली. इंजिन चांगले होते. पण मोटार "पळणारी" दिसावी म्हणून त्याने एका ठिकाणी तिच्या चारी स्प्रिंगांची दोन दोन वेटोळी कापून घेतली. गाडी चार सेंटिमीटर खाली बसली, रुबाबदार दिसू लागली. पहिल्याच महिन्यात आंबाडखिंडीच्या घाटात, मांढरदेवीहून उतरताना, एका वळणावर गाडीने रस्ता सोडून बाजूला उडी घेतली आणि कठड्याला घासली. माणसांना काही झाले नाही. घरी येऊन तो म्हणाला, "काका, स्प्रिंगा कडक केल्या, तरी गाडी रस्ता का सोडते? आणखी कडक करू का?"

उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तेच इथे थोडक्यात सांगतो.

आधी पळणारी गाडी कशाला म्हणायचे ते ठरवू. मोटार रस्त्याला धरून असते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण आपल्या तळहाताएवढे. वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे, सगळे या चार तळहातांवर. चाक रस्त्यावरून अर्धा क्षण उचलले गेले, तर तेवढा वेळ तो तळहात नाहीच. म्हणून घाटात पळणारी गाडी म्हणजे जिची चारही चाके खाचखळग्यांतून, वळणातून, सारख्या दाबाने जमिनीला टेकून राहतात ती. ती अंगाने कडक असेल किंवा नसेल. डांबरी धावपट्टीवर कडक गाडी चाके टेकवून ठेवते. पावसाळा संपल्यावरच्या वरंधा घाटात तीच गाडी चेंडूसारखी टप्पे घेते.

आता कमान. बैलगाडीचा साठा थेट आसावर बसतो, त्यामुळे दगडावर चाक चढले की धान्याचे पोतेही चढते. टांग्याला आपण कमानी पाहिल्या, एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे जी लाल गाडी गावोगाव गेली, ती अशाच पाट्यांवर. जीपलाही चारी चाकांना पाटेच. शिवनेरीसारख्या गाड्यांना आता हवेचे फुगे असतात आणि लहान मोटारींना तारेची वेटोळी. रूप कोणतेही असो, कायदा एकच. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६७८ मध्ये प्रसिद्ध केला : जितका भार, तितका दाब. दुप्पट भार टाका, कमान दुप्पट दबेल.

म्हणून कमानीची ताकद सांगायची रीत अशी : ती एक सेंटिमीटर दाबायला किती किलो भार लागतो? वीस किलो लागत असतील तर ती वीसची कमान. बाजारात "स्पोर्ट", "सुपर" असली नावे लिहिलेली असतात. त्यांना अर्थ नाही. आकडा विचारावा. आकडा नसेल तर वस्तू घेऊ नये.

पण नुसत्या आकड्यावरून कडक-मऊ ठरत नाही, कारण वीसची कमान हलक्या गाडीला कडक आणि जड गाडीला मऊ. इथे गुरुजी मंडळींसाठी एक सुंदर गोष्ट आहे. गाडीच्या भाराने कमान जितकी दबलेली असेल, तितक्या लांबीची दोरी घ्या, खाली दगड बांधा आणि झोका द्या. तो दगड मिनिटाला जितके झोके घेईल, तितक्याच वेळा ती गाडी कमानीवर खालीवर होते. पंचवीस सेंटिमीटर दोरीला मिनिटात ६० झोके. अकरा सेंटिमीटरला ९०. सव्वासहा सेंटिमीटरला १२०. चारला १५०. वर्गात खिळ्याला दोरी बांधून, घड्याळ समोर ठेवून, हे मुलांकडून करून घेता येते. दोरीची लांबी खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजावी आणि झोका लहान द्यावा.

माणसाला ६० ते ९० झोक्यांची हालचाल सोसते, कारण आपल्या स्वतःच्या चालण्याची लय त्याच्या आसपास आहे. साठाच्या फार खाली गेले की होडीत बसल्यासारखे होते, पोटात ढवळते. घरगुती मोटारी बहुधा ६० ते ९० च्या हद्दीत असतात. रस्त्यावरच पण जोरात चालवायची गाडी ९० ते १२०. शर्यतीच्या ज्या गाड्यांना हवेच्या दाबाने जमिनीला चिकटवणारे पंख असतात, त्या २०० च्याही वर जातात. त्यांच्या चालकाला पाठीची काळजी नसते आणि त्यांचा रस्ता आरशासारखा असतो.

आपल्या गाडीचा झोका किती, हे काढायला दोन वस्तू लागतात : वजनकाटा आणि पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती. नेहमीची माणसे मागे बसवून गाडीची फक्त मागची चाके काट्यावर घ्या. समजा ५०० किलो भरले. त्यातले चाके, आस वगैरे जे कमानीच्या खाली असते त्याचे सुमारे ६० वजा करा. उरले ४४०, म्हणजे एकेका कमानीवर २२०. आता सपाट जागेवर माणसे उतरवून चाकाच्या मधोमध आणि वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत अंतर मोजा. दोन्ही पोती बरोबर मागच्या आसाच्या वर येतील अशी ठेवा. गाडीला दोन-चार वेळा हाताने हलवा, नाहीतर बुशांच्या घर्षणाने ती अर्ध्यातच अडकून राहते आणि माप खोटे येते. पुन्हा मोजा. अडीच सेंटिमीटर दबली, तर एका बाजूच्या ५० किलोंना अडीच, म्हणजे वीसची कमान. २२० भागिले २० म्हणजे अकरा सेंटिमीटर. अकरा सेंटिमीटरच्या दोरीचे झोके ९०. झाला हिशेब.

एक खाच मात्र आहे. हा वीस आकडा चाकापाशी मोजलेला. प्रत्यक्ष कमान कित्येक गाड्यांत चाकाच्या डोक्यावर नसून आतल्या दांड्यावर, चाकापासून दूर बसवलेली असते. तरफेचा नियम इथे दोनदा लागतो. कमान दांड्याच्या बरोबर मध्यावर असेल तर चाक दोन सेंटिमीटर हलल्यावर ती एकच सेंटिमीटर दबते, आणि तिचा जोरही चाकापाशी निम्माच पोचतो. निम्म्याचा निम्मा, चौथाई. म्हणजे ऐंशीची कमान घातली तेव्हा चाकाला वीसची लागते. दुसऱ्याच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीला का चालत नाही, ते यावरून समजावे.

पुतण्याच्या गाडीकडे वळू. तिच्या स्प्रिंगेला मुळात आठ चालू वेटोळी होती, दोन कापली, सहा राहिली. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. आठाला सहा, म्हणजे तिसरा हिस्सा कडक. वीसची कमान पावणेसत्तावीसची झाली. इथपर्यंत त्याचे म्हणणे बरोबर. पण चाकाला वर सरकायला जागा किती राहिली? पूर्वी चाक सात सेंटिमीटर वर गेल्यावर रबरी ठोकळ्याला लागत असे. गाडी चार सेंटिमीटर खाली बसली, म्हणजे उरली तीन. खड्ड्याचा धक्का पोटात घेण्याची कमानीची ताकद नुसत्या कडकपणावर नसते. ती कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग, भागिले दोन अशी असते. जुना हिशेब : २० गुणिले ४९, निम्मे ४९०. नवा हिशेब : पावणेसत्तावीस गुणिले ९, निम्मे १२०. कमान तिसऱ्या हिश्श्याने कडक झाली आणि तिची ताकद चौथाईवर आली!

मी त्याला पाटीवर हे मांडून दाखवले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तीन सेंटिमीटरांत जुनं काम करायचं, तर कमान केवढी हवी?" हिशेब केला, आले १०९. मूळच्या पाचपटीहून जास्त. आणि तसली कमान घातली तर गाडी मिनिटाला दोनशेच्या वर झोके घेईल, म्हणजे ती पंखवाली शर्यतीची गाडी झाली. तिला आपला घाट चालणार नाही.

वळणावर काय घडले ते आता उघड आहे. बाहेरच्या चाकावर आधीच भार जास्त, कमान दबलेली. त्यात खळगा आला. चाक ठोकळ्यावर आपटले. ठोकळा लागला की कमान संपली. त्या क्षणी गाडी बैलगाडीच्याही खालची होते. चाकाने टप्पा घेतला, तळहात जमिनीवरून सुटला, गाडी बाजूला गेली. कापलेल्या स्प्रिंगेचा दुसरा धोका असा की तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यात लोंबले की ती सैल होऊन जागची हलते. स्प्रिंग कापू नये. गाडी खाली घ्यायचीच असेल तर तिच्यासाठीच बनवलेली, आकडा माहीत असलेली, जराशी आखूड स्प्रिंग घ्यावी, आणि आपल्या रस्त्यावर दोन सेंटिमीटरांपुढे मी तरी जाणार नाही.

गावच्या जीपवाल्याची चूक नेमकी उलटी असते. तो "जादा पाटा" टाकतो. सात पाट्यांत आठवा टाकला, की सातव्या हिश्श्याने ताकद वाढते. भार रोज तेवढाच असेल तर यात गैर काही नाही. पण पाटे वाढवायचे, मग टपावरही माणसे बसवायची, हे वेगळे. गाडी बसत नाही म्हणून तो भार तिला झेपतो असे नव्हे. ते पुढे वळणाच्या हिशेबात येईल.

आता शॉक. आपल्याकडे त्याला शॉकअप, शॉकअब्सर काय काय म्हणतात. पहिली गोष्ट, शॉक गाडी पेलत नाही. "शॉक गेले म्हणून गाडी बसली" असे जो सांगेल त्याच्याकडे काम देताना विचार करावा. गाडी बसली तर कमान गेली. शॉकमध्ये तेलाने भरलेली नळी असते, तिच्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके. चाक हलले की तेल त्या भोकांतून दाबून पलीकडे जाते. विहिरीच्या पाण्यात हात हळू फिरवा, पाणी अडवत नाही. जोरात फिरवा, पाणी घट्ट लागते. शॉकचेही तसेच. कमान अडवते ती अंतराला. शॉक अडवतो वेगाला. उभ्या गाडीत तो काहीच करत नाही.

मग तो घेतलेली गती कुठे नेतो? उष्णतेत. खराब रस्त्यावर घाट उतरून आल्यावर शॉकच्या नळीजवळ हात नेऊन पाहा, शेक लागेल. सांभाळून, चटका बसतो. फार तापले की तेल पातळ होते, त्यात फेस येतो आणि शॉक पोकळ पडतो. म्हणूनच चांगल्या शॉकमध्ये तेलाबरोबर दाबलेला वायू भरतात, फेस धरू नये म्हणून. जुन्या पाट्यांच्या गाड्यांत पाटे एकमेकांवर घासत, ते घासणेही थोडेफार शॉकचे काम करी. एखादा मालक हौसेने पाट्यांत वंगण घालून ते गुळगुळीत करी आणि मग गाडी झोके घेते म्हणून तक्रार करी!

चाक वर जाताना शॉक थोडा सैल आणि खाली येताना घट्ट ठेवलेला असतो. वर जाताना घट्ट असला तर दगडाचा धक्का थेट अंगाला बसेल. खाली येताना मात्र दबलेली कमान उसळी मारते, तिला लगाम हवा. पण हा लगामही किती आवळावा? फार आवळला तर चाक खड्ड्यातून वर आल्यावर पुन्हा पूर्ण खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग पुढचा, आणि खडबडीत रस्त्यावर गाडी हळूहळू खाली खाली बसत जाऊन शेवटी ठोकळ्यावरच चालू लागते. चालकाला वाटते कमान मऊ झाली. तो आणखी कडक कमान शोधायला जातो. अशी चुकीच्या वाटेने गेलेली गाडी मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

कमान आणि शॉक यांची जोडी असते. कमान बदलली तर शॉकही त्या बेताचा हवा, पण त्याच पटीत नव्हे. कमान दुप्पट झाली तर शॉकचा जोर सुमारे १.४ पट लागतो; वर्गमुळाचा हिशेब आहे. म्हणून मूळ कमानीवर फार कडक शॉक घालणे आणि कडक कमानीवर मूळचा थकलेला शॉक ठेवणे, दोन्ही वाईट. दुसरे जास्त वाईट, कारण तो आंबवड्याचा पूल झाला.

तपासणी सोपी आहे. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून तालावर हलवा आणि खाली असताना सोडून द्या. ती वर येऊन जरा खाली गेली आणि थांबली, तर ठीक. दोन-तीन झोके घेतले तर शॉक गेला. नळीवर तेल ओघळलेले दिसले तरीही गेला. टायरवर अंतराअंतराने खोलगट झिजलेल्या जागा दिसल्या तर तिथेही संशय घ्यावा. शॉक एकेक बदलू नयेत, पुढची जोडी किंवा मागची जोडी मिळून बदलावी.

तिसरी वस्तू आडवी सळई. गॅरेजमध्ये हिला स्टॅबिलायझर म्हणतात, शर्यतवाले अँटी-रोल बार म्हणतात. गाडीखाली आडवी असते, दोन्ही टोके वाकवून डाव्या आणि उजव्या चाकाच्या दांड्यांना जोडलेली. तिचे काम कळायला घरचा दाखला घ्या. दोन माणसे ओले धोतर दोन टोकांना धरून उभी आहेत. दोघांनी मनगटे एकाच बाजूला वळवली तर धोतर नुसते फिरते, पिळत नाही. एकाने उलटे वळवले की पीळ बसतो. सळईचे असेच. दोन्ही चाके एकदम वर गेली, गतिरोधकावर जातात तशी, तर सळई नुसती फिरते, तिचा जोर लागत नाही. एकच चाक वर गेले, वळणात बाहेरचे जाते तसे, तर ती पिळते आणि गाडीला कलू देत नाही.

पोलादाला पीळ देऊन कमानीचे काम करून घेण्यात नवल नाही. आपल्या जुन्या अँबॅसडरच्या पुढच्या चाकांना कित्येक वर्षे वेटोळ्याची स्प्रिंग नव्हती, लांब सरळ सळया होत्या, त्या पिळून भार पेलत. खरे सांगायचे तर वेटोळ्याच्या स्प्रिंगेची तारही दबताना पिळतच असते. ती गुंडाळून ठेवलेली सळईच म्हणा. पिळाचा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वीस मिलिमीटरची सळई काढून बावीसची घातली, नजरेला फरक दिसत नाही, पण जोर ४६ टक्क्यांनी वाढतो. चोवीसची घातली तर दुपटीहून अधिक. तेव्हा "जरा जाड घाला" हा हुकूम देताना मापपट्टी हातात असावी.

आता एक गैरसमज. सळई घातली, गाडी कलत नाही, म्हणजे बाहेरच्या चाकांवर जाणारा भारही थांबला, असे लोक समजतात. तो थांबत नाही. १००० किलोंची गाडी २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने घेतली, तर तिला वजनाच्या निम्म्या जोराचा बाजूचा ओढा बसतो. तिचा भारमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि चाकांतले अंतर १४० सेंटिमीटर धरले, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर १९६ किलो सरकतात. जवळजवळ चार पोती. सळई जाड असो, बारीक असो, नसो. चार पोती जायची ती जातात. कमी करायची तर भारमध्य खाली आणा, चाके दूर करा किंवा वेग कमी करा. जीप उंच आणि अरुंद. भारमध्य ७० आणि चाकांतले अंतर १२३ धरले, तर तेवढ्याच वजनाला आणि वेगाला २८५ किलो सरकतात. टपावर माणसे बसवली की भारमध्य आणखी वर. जादा पाट्याने यात काडीचा फरक पडत नाही, आणि घाटात जीप उलटण्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्यांच्या मुळाशी बरेचदा हेच असते.

मग सळई करते काय? ती चार पोती पुढच्या बाहेरच्या चाकावर किती आणि मागच्या बाहेरच्या चाकावर किती, हे ठरवते. ज्या टोकाला सळई जाड, त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर जास्त पोती. टायरची पकड भाराबरोबर वाढते, पण भाराइतकी वाढत नाही. म्हणून ज्या जोडीत एक चाक फार लादले आणि दुसरे फार हलके झाले, त्या जोडीची एकूण पकड कमी होते. पुढची सळई जाड केली की गाडीचे नाक वळणाच्या बाहेर जाऊ पाहते. मागची जाड केली की शेपूट बाहेर जाऊ पाहते. नाक बाहेर गेले तर घाबरलेला माणूस आपसूक वेग सोडतो आणि गाडी बहुधा सावरते. शेपूट सुटली तर सावरायला सरावाचा हात लागतो. कंपनीतून गाड्या नाक बाहेर जाण्याच्या बाजूला झुकवून येतात, त्याचे कारण हे. आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनी ओढल्या जातात आणि त्यांचे नाक जड, म्हणून हौशी लोक मागे जरा जाड सळई घालतात. कोरड्या रस्त्यावर त्याचा गुण येतो. पण ती सळई कोरड्यात निवडून आषाढात घाट चढू नये. ओल्या रस्त्यावर तीच शेपूट अचानक सोडते. आणि सळई दोन्ही चाकांना बांधून ठेवते हेही विसरू नये : एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही ओढते. दगडधोंड्यांत जीप चालवणारे शौकीन सळई सोडवून ठेवतात ती यासाठीच.

शर्यतीच्या गाड्यांचे पाहून आपण निवड करतो, म्हणून एक शब्द. आंबवड्याजवळच जेध्यांचे कारी गाव आहे. तिकडे तामिळनाडूत कोइमतूरजवळ 'करी' नावाचा शर्यतीचा मार्ग आहे. त्याचे नाव एस. करिवर्धन या गाड्या बनवणाऱ्या आणि पळवणाऱ्या गृहस्थांवरून पडले. नावे जवळची, पण नाते काही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः बांधलेल्या एकआसनी गाड्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना नेतात. त्या गाडीला चाक वर जायला दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरते, कारण मार्ग गुळगुळीत. रॅलीच्या गाड्या मात्र कच्च्या रस्त्यावर पळतात. नाशिकच्या रॅलीत पाहिले असेल तर आठवेल, त्या उंच असतात, कमान बेताची मऊ आणि जागा भरपूर. त्यांचा सगळा खर्च शॉकवर. आपल्या घाटाला आदर्श घ्यायचा तर तो रॅलीच्या गाडीचा.

पुढची कमान आणि मागची कमान यांचा मेळ हाही एक प्रश्न आहे. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनियराने १९३० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये याचा कसून अभ्यास केला. खळगा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला क्षणभराने. दोघांचा झोका सारखा असेल तर पुढचा भाग खाली येत असताना मागचा वर जातो आणि गाडी घोड्यासारखी डुलते. मागचा झोका थोडा जलद ठेवला की तो पुढच्याला गाठतो आणि दोन्ही टोके एकत्र खालीवर होऊन थांबतात. म्हणून पुढे ८० असेल तर मागे ९०, असे काही. प्रवासाच्या गाडीत हे मोडू नये.

पुतण्याच्या गाडीचे काय केले ते सांगतो. पहिल्यांदा टायर आणि बुश पाहिले. बुश चिरलेले होते, ते बदलले. झिजलेल्या बुशावर नवी स्प्रिंग घालणे म्हणजे कुजलेल्या मेढीवर नवे छप्पर. कापलेल्या स्प्रिंगा भंगारात टाकून कंपनीच्या मापाच्या घातल्या. पैसा जो खर्च केला तो चार चांगल्या शॉकवर. सळईला हात लावला नाही. महिनाभर चालवल्यावर तो म्हणाला, "काका, वळणात अजून जरा कलते." तेव्हा पुढे दहा टक्के आणि मागे दहा टक्के जास्त आकड्याच्या स्प्रिंगा घातल्या, म्हणजे वीसच्या जागी बावीस. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तीच माणसे, टायरमध्ये तीच हवा. वही ठेवली. मागची सळई त्याला अजूनही हवी आहे. मी पावसाळा जाऊ दे म्हटले आहे.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातली माहिती निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्याच मापाचा सुटा भाग बदलणे निराळे, आणि गाडीचा घाट बदलणे निराळे. शंका असेल तर काम करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत आणि विमा कंपनीकडे विचारावे; अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

आणि ती दोन पोत्यांची मोजणी करायला वजनकाट्यावर जाल, तर ऊस किंवा भात यायच्या दिवसांत जाऊ नका. रांगेत अर्धा दिवस जातो आणि काटेवाला कावतो. पोती मात्र घरून वजन करून न्या. पन्नास लिहिलेले पोते पन्नासच असते असे नाही.